माळ्यावरचा सीपीयू खाली उतरवा!

मुंबईहून निघालेली गाडी पनवेल ओलांडून पळस्पे फाट्याला आली की ठरवावंच लागतं, जुन्या हायवेने पुण्याकडे जायचं की गोव्याचा रस्ता धरायचा. उरणच्या बंदराकडून येणारे कंटेनरही इथेच येऊन मिळतात. गणपतीला कोकणात निघालेला चाकरमानी इथे उतरतो, कोथिंबीर वडी खातो, चहा घेतो आणि पुढच्या खड्ड्यांची चौकशी करतो. जुने संगणक दुरुस्त करून गरजू घरांत पोचवायच्या गोष्टी गोळा करायला लागलं, तर या फाट्यावरून फुटणाऱ्या प्रत्येक रस्त्यावर एखादी तरी सापडतेच. चला, एकेक रस्ता धरू.

मुंबईचा रस्ता: सुरुवातच सेकंड हँड

आपल्याकडे संगणक आले, त्यातले कितीतरी आधी वापरलेले होते! १९६०च्या दशकात आयबीएमच्या मुंबईतल्या कारखान्यात परदेशात राबून आलेली १४०१ नावाची यंत्रं उघडली जायची, साफ व्हायची, दुरुस्त व्हायची आणि मग इथल्या कंपन्यांना, सरकारी संस्थांना भाड्याने दिली जायची. या यंत्राची मेमरी जास्तीत जास्त १६,००० अक्षरांची. या लेखाएवढे दोन लेख टाकले की भरली.

जुना माल भारताच्या गळ्यात मारतात, अशी टीका तेव्हा जोरात झाली आणि भाड्याचे आकडे पाहता ती चुकीची नव्हती. पुढे १९७८मध्ये आयबीएमने देशातून गाशा गुंडाळला. मग त्या यंत्रांकडे बघणार कोण? ते काम १९७५मध्ये स्थापन झालेल्या सरकारी कंपनीने उचललं. कंपनीचं नाव होतं कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन, म्हणजेच सीएमसी. आयबीएम निघून गेली तरी यंत्रं चालत राहिली, कारण ती उघडून बसणारी माणसं इथे तयार झाली होती. जुन्या संगणकाचं आयुष्य अशा माणसांवर ठरतं, हे माझं ठाम मत आहे आणि पुढच्या गोष्टींतही ते दिसेल.

खोडरबर घ्या, संगणक सुरू करा

बटण दाबलं, पंखा फिरला, पण स्क्रीन काळी आणि आतून नुसतं टूँ टूँ. घरच्यांनी निकाल दिला, ‘गेला!’ आणि सीपीयू माळ्यावर. दुरुस्तीवाला काय करतो? बाजूचं झाकण काढतो, ब्रशने धूळ झटकतो, दोन्ही टोकांच्या खिट्ट्या दाबून रॅमची पट्टी उपसतो. पट्टीच्या कडेला सोनेरी दात असतात, त्यांवर काळपट थर चढलेला असतो. शाळेतलं साधं खोडरबर घेऊन तो हे दात हलक्या हाताने घासतो, फुंकर मारतो आणि पट्टी ‘टक्’ आवाज येईपर्यंत परत बसवतो. पुष्कळदा तेवढ्यानेच संगणक उठतो.

दुसरा नेहमीचा रोग म्हणजे घड्याळाचा. संगणक सुरू होताना दर वेळी अडतो, एफ १ दाबायला सांगतो आणि तारीख भलत्याच सालातली दाखवतो. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा तीन व्होल्टचा सेल संपलेला असतो, बाकी काही नाही. सेलचं नाव सीआर २०३२, घड्याळाच्या दुकानातही मिळतो.

तिसरा उपाय जरा खर्चाचा, पण जादूच म्हणा. जुनी फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क, टाकायची, जमलं तर रॅम वाढवायची. चहा पिऊन येईपर्यंत सुरू न होणारा लॅपटॉप मिनिटभरात कामाला लागतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या गल्ल्यांत हे सामान नवं-जुनं दोन्ही मिळतं.

२४० किलो इंधन, एक संगणक

संयुक्त राष्ट्रांच्या विद्यापीठाने २००४मध्ये एक हिशेब मांडला होता. १७ इंची जुन्या मॉनिटरसह एक संगणक बनवायला २४० किलो जीवाश्म इंधन, २२ किलो रसायनं आणि १,५०० लिटर पाणी लागतं. याच अभ्यासातली गंमत पुढे आहे. संगणकाच्या एकूण आयुष्यातली सुमारे ८१ टक्के ऊर्जा तो बनतानाच खर्च होते, घरी वापरताना फक्त १९ टक्के. फ्रिजचं गणित बरोबर उलटं, तो वर्षानुवर्षं चालूनच वीज खातो. म्हणून जुना फ्रिज काढून नवा घेणं कधीकधी शहाणपणाचं ठरतं. संगणकाचं तसं नाही. तो जितकी जास्त वर्षं चालेल, तितकी त्याच्यावर आधीच खर्ची पडलेली ऊर्जा सत्कारणी लागते.

तरी होतं काय? २०२२ या एका वर्षात जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातल्या जेमतेम २२.३ टक्क्यांवर रीतसर पुनर्प्रक्रिया झाल्याची नोंद आहे.

बंदराचा रस्ता

१९८९ साल. २२ मार्चला स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात घातक कचऱ्याची देशोदेशी होणारी ने-आण आटोक्यात ठेवायला करार झाला आणि २६ मेला उरणजवळचं न्हावाशेवा बंदर सुरू झालं. १ जानेवारी २०२५पासून हा करार आणखी कडक झाला. आता कुठलाही ई-कचरा, घातक असो वा नसो, घेणाऱ्या देशाच्या संमतीशिवाय पाठवता येत नाही. वापरलेले संगणकही भारतात परवान्याशिवाय आणता येत नाहीत. थोडक्यात, परदेशातल्या जुन्या मालाकडे डोळे लावून बसण्यात अर्थ नाही. आपल्याच सोसायट्यांचे माळे आणि ऑफिसांच्या अडगळीच्या खोल्या भरलेल्या आहेत.

कर्जतचा रस्ता: खैराटची २२ मुलं

जुन्या हायवेने चौकपर्यंत जा आणि तिथून कर्जतकडे वळा. याच कर्जत तालुक्यातल्या खैराट या छोट्या गावात २००७मध्ये जगभर गाजलेला एक प्रयोग भारतात पहिल्यांदा झाला. एमआयटीच्या निकोलस निग्रोपाँटे यांची ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ योजना. एकशिक्षकी शाळा, पहिली ते चौथीची २२ मुलं आणि प्रत्येकाच्या हातात हिरवा-पांढरा एक्सओ लॅपटॉप! त्याला कानांसारखे दोन अँटेना, धूळ-पाणी आत जाऊ नये म्हणून रबरी कीबोर्ड आणि भर उन्हात अंगणात बसूनही वाचता येईल अशी स्क्रीन. आदल्याच वर्षी केंद्राच्या शिक्षण खात्याने या योजनेला नकार दिला होता. तरीही रायगडातल्या डोंगराळ भागातली ही पोरं लॅपटॉप घेऊन बसली.

शंभर डॉलरला लॅपटॉप द्यायचा, ही मूळ घोषणा. प्रत्यक्षात किंमत जवळजवळ दुप्पट झाली. मला मात्र अडचण वेगळीच दिसते. एक्सओचं सगळंच खास बनवलेलं, बॅटरीपासून कीबोर्डपर्यंत. बिघडला तर पनवेलच्या दुकानात त्याचा कुठला भाग मिळणार? याउलट एखाद्या ऑफिसातून निघालेल्या साध्या लॅपटॉपचा कीबोर्ड, पंखा, बॅटरी, चार्जर कुठल्याही तालुक्याच्या गावी मागवता येतात आणि ते बसवणारा पोरगाही तिथेच असतो. गरजू घरासाठी मला तरी हा जुना लॅपटॉपच जास्त भरवशाचा वाटतो.

गोव्याचा रस्ता: भिंतीतला संगणक

१९९९मध्ये संशोधक सुगाता मित्रा यांनी दिल्लीच्या कालकाजी भागात वस्तीला लागून असलेल्या भिंतीत एक संगणक बसवला आणि मुलांना मोकळं सोडलं. शिकवायला कुणी नाही. मुलं एकमेकांना दाखवत दाखवत शिकली. पुढे याच पद्धतीचे संगणक आपल्या गोव्याच्या रस्त्यावरच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातही बसले. एकाच्या हातात माउस, मागे उभे राहून सूचना करणारे चौघे आणि पाचवा ‘आता माझी पाळी’ म्हणून भांडतोय! एका घरात गेलेल्या संगणकाभोवती आळीतली किती मुलं गोळा होतील, याचा अंदाज यावरून करा. २०१७-१८च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातल्या ग्रामीण घरांपैकी फक्त ४.४ टक्के घरांत संगणक होता, शहरी घरांत २३.४ टक्के. अकरावी प्रवेश, महाडीबीटीची शिष्यवृत्ती, सीईटीचा फॉर्म, सातबारा, सगळं ऑनलाइन झालंय. ते मोबाइलच्या बोटभर स्क्रीनवर भरताना काय होतं, हे ज्याने भरलंय त्याला विचारा.

‘फॉरमॅट मारला’ म्हणजे पुसलं असं नाही

अमेरिकेत एमआयटीच्या दोन संशोधकांनी १५८ वापरलेल्या हार्ड डिस्क विकत घेऊन तपासल्या आणि २००३मध्ये निष्कर्ष मांडले. त्यातल्या १२९ चालल्या आणि नीट पुसलेल्या निघाल्या फक्त १२! बाकीच्यांत क्रेडिट कार्डांचे हजारो नंबर, पत्रं, आजारपणाची माहिती. झटपट फॉरमॅट फक्त अनुक्रमणिका खोडतो, पानं तशीच राहतात. म्हणून देण्याआधी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे घ्या, सगळ्या खात्यांतून लॉगआउट व्हा आणि पूर्ण डिस्कवर नव्याने लिहून ती पुसून घ्या. एसएसडी असेल तर तिच्या कंपनीचंच पुसायचं साधन वापरा. धाकधूक वाटत असेल तर डिस्क काढून ठेवा आणि बाकी यंत्र द्या. पण ‘डेटा आहे’ म्हणून अख्खा लॅपटॉप दहा वर्षं कपाटात कुजवू नका.

१४ ऑक्टोबर २०२५

या दिवशी विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ला इंटेलचा साधारण २०१७नंतरचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे धडधाकट असलेली यंत्रंही बाद ठरली. यामुळे जगभरात २४ कोटी संगणक भंगारात जाऊ शकतात, असा कॅनालिस या संस्थेचा अंदाज होता. इथे विंडोजऐवजी लिनक्स धावून येतं. लिनक्स मिंटला २ जीबी रॅम पुरते, ४ असेल तर मजेत चालतं, आणि ते फुकट आहे. लिब्रे ऑफिसही फुकट आणि मराठीतून. मराठी टायपिंगसाठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड असतोच. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, आणि एकदा शिकलं की हिंदी, गुजराती, कन्नड सगळ्यांना तोच.

पाच दुसऱ्यांसाठी, सहावा तुझा

अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात २०००मध्ये ‘फ्री गीक’ सुरू झालं. तिथला तेव्हाचा नियम मला फार आवडतो. स्वयंसेवकाने पाच संगणक जोडून दुसऱ्यांसाठी द्यायचे आणि सहावा स्वतः घरी न्यायचा. संगणक मिळतो आणि हातात दुरुस्तीही येते. आपल्या आयटीआयच्या मुलांना हे काम सहज जमेल. पुण्याच्या रस्त्यावर ‘पूर्णम इकोव्हिजन’ ही संस्था ‘ई-यंत्रण’ मोहिमेतून ई-कचरा गोळा करते आणि त्यातले दुरुस्त होण्याजोगे संगणक गरजू शाळांकडे जातात. १ एप्रिल २०२३पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांतही दुरुस्ती करून पुन्हा वापरात आणणाऱ्यांना वेगळं स्थान आहे. त्यांना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी करावी लागते.

देताना मात्र पूर्ण द्या. बायोसचा पासवर्ड काढा, नाहीतर ऑफिसचा उत्तम लॅपटॉपही पुढच्या माणसाला उघडता येत नाही. जुना डबा-मॉनिटर कुणाच्या घरी पाठवू नका. जागा अडवतो, वीज खातो, काचेत शिसं असतं, तो अधिकृत पुनर्प्रक्रिया केंद्रातच जाऊ द्या. डेस्कटॉपबरोबर मॉनिटरची केबल, कीबोर्ड आणि माउस बांधून द्या. आणि लॅपटॉपचा मूळ चार्जर शोधून त्याच बॅगेत टाका. दिसायला सगळे सारखे, बहुतेक १९ व्होल्टच्या आसपासचे, पण पिना वेगळ्या असतात.