पथविक्रेते व पदपथ

सार्वजनिक रस्ता, पदपथ वा मोकळी जागा यांवर कायमचे बांधकाम न करता माल अथवा सेवा विकणाऱ्या व्यक्तीस पथविक्रेता म्हणतात. आरोळी देत गल्लोगल्ली हिंडणारा फेरीवाला, हातगाडी वा ठेला लावणारा आणि जमिनीवर पसरा मांडून बसणारा असे त्याचे तीन ठळक प्रकार होत. कासार, बागवान, बोहारीण यांची फेरी जुनीच आहे. पादचाऱ्यांच्या वाटेचा प्रश्न मुख्यतः उरलेल्या दोन प्रकारांतून उद्‌भवतो.

विक्रेता बसतो तेथे माणसे येतात, हे खरे. परंतु बहुधा माणसे जेथून जातात तेथेच विक्रेता बसतो, हे अधिक खरे. म्हणून स्थानक, बसथांबा, रुग्णालय, देवालय, शाळा यांच्या लगत असे बाजार आपोआप उभे राहतात व नेमक्या याच जागी पादचाऱ्यांची दाटीही सर्वाधिक असते. भारतीय रस्ते महासभेच्या २०१२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पदपथावर चालण्यासाठी किमान १·८ मी. रुंदी निर्वेध हवी. अडीच मीटरांच्या पदपथावर एक मीटर खोलीचा पसरा लागला आणि त्यासमोर गिऱ्हाईक उभे राहिले, की जेमतेम ९० सेंमी. वाट उरते. समोरून येणारी दोन माणसे तीत एकमेकांना ओलांडू शकत नाहीत. चाकांच्या खुर्चीवरील व्यक्तीस किंवा मूल कडेवर घेतलेल्या स्त्रीस रस्त्यावरच उतरावे लागते. मात्र ही वाट एकटा विक्रेता अडवीत नाही. दुकानांच्या पुढे आलेल्या पायऱ्या, फलक, विजेच्या पेट्या व उभ्या केलेल्या दुचाक्या यांचा वाटा मोठा असतो. अतिक्रमणविरोधी मोहिमेत प्रथम उचलला जातो तो ठेला, कारण तो उचलण्यास सर्वांत सोपा असतो.

लहान शहरांत या प्रश्नाचे रूप निराळे असते, कारण तेथे अनेक रस्त्यांना पदपथच नसतो आणि रस्त्याची कड हीच चालण्याची, बसण्याची व वाहने लावण्याची जागा ठरते. विदर्भाच्या पूर्व टोकाचे गोंदिया हे या दृष्टीने लक्षणीय उदाहरण होय. हावडा–मुंबई लोहमार्गावरील हे जंक्शन भाताच्या गिरण्यांसाठी प्रसिद्ध असून १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन ते नव्या जिल्ह्याचे मुख्य ठिकाण झाले. त्यामुळे जुन्या बाजारपेठेच्या अरुंद रस्त्यांवर जिल्ह्याच्या कचेऱ्यांची ये-जाही येऊन पडली. येथील पसऱ्यांवरचा माल ऋतूनुसार बदलतो. पावसाळ्यात जंगलातील सात्या व वास्ते, पुढे माजी मालगुजारी तलावांतील शिंगाडे, उन्हाळ्यात टेंभरे व चारे असा हा क्रम आहे. तलावांवर जगणारे ढीवर कुटुंब किंवा आसपासच्या खेड्यांतील शेतमजूर स्त्री काही आठवडेच विकावयास बसते. हंगाम संपला की ती पुन्हा शेतावर जाते.

विक्रेत्यांना रस्त्यावरून हलविण्याचे प्रयत्न महाराष्ट्रात नवे नाहीत. पुण्यात शनिवारवाड्यासमोरील पटांगणात भरणारी मंडई नगरपालिकेने १८८६ मध्ये रे मार्केटच्या (आजची महात्मा फुले मंडई) इमारतीत नेली. या खर्चास नगरपालिकेचे सदस्य असलेल्या जोतीराव फुल्यांनी विरोध केला होता. मुंबईतील परवानापद्धती १८८८ च्या महानगरपालिका अधिनियमावर आधारलेली होती. ‘बॉम्बे हॉकर्स युनियन’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ३ जुलै १९८५ रोजी फेरीवाला व ना-फेरीवाला क्षेत्रे आखण्याची योजना घालून दिली व प्रत्येकास एक मीटर लांब व एक मीटर रुंद जागेची मर्यादा ठरविली. सोदान सिंग खटल्यात (१९८९) घटनापीठाने, रस्त्यावर व्यापार करणे हा अनुच्छेद १९ (१) (छ) खालील मूलभूत हक्क असला, तरी अमुक एक जागाच मिळावी असा हक्क कोणास नाही, असा निर्णय दिला. पुढील सर्व वाद या दोन विधानांमधील अंतरात घडला, असे म्हणता येईल.

१ मे २०१४ पासून अंमलात आलेल्या पथविक्रेता (उपजीविका संरक्षण व पथविक्री विनियमन) अधिनियमाने विक्री प्रमाणपत्र, दर पाच वर्षांनी सर्वेक्षण आणि नगर पथविक्रेता समिती यांची तरतूद केली. समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले असावे लागतात व त्यांपैकी एक-तृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. जागा बदलावयाची झाल्यास ३० दिवसांची सूचना आवश्यक असून जप्त केलेला नाशवंत माल त्याच दिवशी परत द्यावयाचा असतो. शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेते सामावून घ्यावेत, हे प्रमाण लावल्यास २०११ च्या जनगणनेनुसार १,३२,८१३ वस्तीच्या गोंदियात ही मर्यादा सु. ३,३०० येते.

संख्येपेक्षा अडचणीची अट दुसरीच आहे. आपणास उपजीविकेचे अन्य साधन नाही, असे प्रमाणपत्र मागणाऱ्यास लिहून द्यावे लागते. मुंबईतील बारमाही फेरीवाल्यास ते सहज शक्य आहे. सात्या विकून पुन्हा रोवणीला जाणाऱ्या स्त्रीस ते प्रामाणिकपणे लिहिता येत नाही. सर्वेक्षण तिच्या हंगामाबाहेर झाले, तर तिची नोंदही होत नाही. पर्यायी जागा शहराबाहेर दिल्यास विक्रेते काही दिवसांत परततात, कारण पादचारी तिकडे जात नाहीत. त्यापेक्षा जागेवरच रंगाची रेषा आखून वाट व पसरा वेगळे करणे, अथवा सकाळची गुजरी ठराविक वेळेपर्यंतच भरू देणे, हे उपाय स्वस्त असून ते टिकण्याचा संभवही अधिक असतो.

रेल्वेच्या जमिनीस हा अधिनियम लागू नाही. मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर २९ सप्टेंबर २०१७ रोजी चेंगराचेंगरीत २३ माणसे मरण पावल्यानंतर मुंबई उच्च न्यायालयाने १ नोव्हेंबर २०१७ रोजी स्थानकांपासून १५० मीटरांच्या आत विक्रीस मनाई केली. ज्या शहराचा बाजारच स्थानकाभोवती वाढला, तेथे १५० मीटरांचे हे वर्तुळ बाजाराचा मोठा भाग व्यापते.