57 सेकंद

ला पाल्मा या स्पॅनिश बेटावर, समुद्रसपाटीपासून सुमारे 2,200 मीटर उंचीवर उभ्या असलेल्या ‘मॅजिक’ या जोड दुर्बिणींचा खरा कस त्या वळतात तेव्हा लागतो. गॅमा किरणांचा स्फोट, म्हणजे दूरच्या दीर्घिकेत महाकाय तारा कोसळताना किंवा दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळताना होणारा उद्रेक, केव्हा आणि कोठे होईल हे आधी सांगता येत नाही. ‘स्विफ्ट’सारख्या उपग्रहाने त्याची दिशा कळवली की चालू निरीक्षण सोडून, 17 मीटर व्यासाचा आरसा पेलणारा प्रत्येक सांगाडा अर्ध्या मिनिटाच्या आत नव्या दिशेला वळतो. हा सांगाडा कार्बन तंतूंच्या नळ्यांचा आहे तो याच घाईसाठी. मात्र कलताना तो किंचित वाकतो, आणि म्हणून आरशाच्या तुकड्यांमागील लहान मोटारींना त्यांचा रोख पुन्हा सावरावा लागतो. पाळीवरच्या शास्त्रज्ञांच्या हाती त्या क्षणी फारसे काही नसते.

गॅमा किरण जमिनीपर्यंत पोहोचतच नाहीत. वातावरणात उंचावर त्यांच्यापासून विद्युत्भारित कणांचा सडा पडतो आणि हवेतील प्रकाशापेक्षा वेगाने धावणारे हे कण काही अब्जांश सेकंदांची निळसर चमक सोडतात. दुर्बीण टिपते ती ही चमक, जिला चेरेन्कोव्ह प्रारण म्हणतात.

14 जानेवारी 2019 च्या चांदण्या रात्री स्फोटानंतर 57 सेकंदांनी निरीक्षण सुरू झाले आणि एक लाख कोटी इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंतचे किरण सापडले. दृश्य प्रकाशाच्या कणाची ऊर्जा अवघी दोन-तीन इलेक्ट्रॉनव्होल्ट असते. पहिली दुर्बीण 2004 पासून अशा स्फोटांमागे धावत होती, आणि इतकी वर्षे निर्विवाद असे काही हाती लागले नव्हते, कारण फार दूरचे उच्च-ऊर्जा किरण वाटेतल्या ताऱ्यांच्या विखुरलेल्या प्रकाशातच शोषले जातात. गौरव झाला तो 57 सेकंदांचा. यंत्रणा घडली ती मात्र त्या रित्या रात्रींत. शिवाय नामिबियातील ‘हेस’ दुर्बिणींनी जुलै 2018 मधील एका स्फोटाचे किरण तब्बल दहा तासांनंतर टिपले होते, तेव्हा वेगाचे कौतुकही बेतानेच केलेले बरे.

मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने लडाखमधील हानले येथे, सुमारे 4,270 मीटर उंचीवर उभारलेली 21 मीटर व्यासाची ‘मेस’ ही याच जातीची दुर्बीण असून तिचे उद्घाटन ऑक्टोबर 2024 मध्ये झाले. तिचे मोलही पहिल्या काही वर्षांतील शोधांच्या संख्येवरून ठरवू नये.