ऑर्का इन्स्टॉल झालं, पण चालतंय कुठलं?

काँप्युटेशनल केमिस्ट्री करायचं ठरवलं की पहिला आठवडा केमिस्ट्रीत जातच नाही, तो टर्मिनलसमोर जातो. ऑर्काचंच घ्या. फ्रांक नेसे आणि त्यांच्या गटाचं हे सॉफ्टवेअर शैक्षणिक कामासाठी फुकट आहे. नोंदणी करा, लिनक्सची फाइल डाउनलोड करा, होम फोल्डरमध्ये उघडा. कंपाइल करावं लागत नाही.

मग तुम्ही टर्मिनलवर 'ऑर्का' टाइप करता आणि कॉम्प्युटर चक्क बोलायला लागतो! घाबरू नका. उबुंटूसारख्या लिनक्सवर दृष्टिहीनांसाठी एक स्क्रीन रीडर असतो, त्याचंही नाव ऑर्काच. 'पाथ' या व्हेरिएबलमध्ये फोल्डरांची यादी असते. शेल ती क्रमाने बघतं आणि त्या नावाचा जो प्रोग्राम आधी सापडेल तो चालवतं. नेमका कुठला सापडतोय हे 'विच' कमांड सांगते. मी मात्र सरळ पूर्ण पाथ लिहून ऑर्का चालवते, कारण एकापेक्षा जास्त कोअर वापरायचे असतील तर तो लागतोच.

आता तुमचा साठ अणूंचा रेणू बाजूला ठेवा आणि पाणी घ्या. हार्ट्री-फॉक, छोटा बेसिस सेट, एकच कोअर. एनर्जी उणे 76 हार्ट्रीच्या जवळपास आली पाहिजे. मग तीच फाइल दोन कोअरवर चालवा. पहिली चालली आणि दुसरी पडली, तर दोष बहुतेक वेळा ओपन एमपीआयचा असतो. ऑर्काच्या प्रत्येक आवृत्तीला ओपन एमपीआयची ठरावीक आवृत्ती लागते आणि सिस्टिमवर आधीपासून असलेली चालेलच असं नाही. हवी ती आवृत्ती होम फोल्डरमध्येच कंपाइल करा, ॲडमिनची परवानगी लागत नाही. तिचा 'बिन' फोल्डर पाथमध्ये आणि 'लिब' फोल्डर लायब्ररी पाथमध्ये घाला. 'एमपीआयरन' आपण लिहायचं नाही, ऑर्का ते स्वतःच बोलावतं. क्लस्टरवर असाल तर याच ओळी जॉब स्क्रिप्टमध्येही लिहा. लॉगिन नोडवर चाललं म्हणजे रांगेतही चालेल, असं नसतं.

आणि 'मॅक्सकोअर'. माझे चार दिवस यातच गेले. हा आकडा मेगाबाइटमध्ये असतो आणि दर कोअरमागे असतो. 4000 लिहून 8 कोअर मागितले, म्हणजे 32 जीबी झाले. मशीनवर 16 जीबीच असेल तर लिनक्स जॉब मारून टाकू शकतं आणि आउटपुट मध्येच तुटतं, कारण न सांगता. सगळ्या कोअरची बेरीज रॅमच्या पाऊण भागातच बसवा, कारण ऑर्का कधीकधी ही मर्यादा ओलांडतं.

आउटपुटच्या तळाशी 'ऑर्का टर्मिनेटेड नॉर्मली' दिसत नसेल, तर त्या फाइलमधला एकही आकडा गाइडला दाखवू नका. दिसत असेल, तरी ऑप्टिमायझेशन कन्व्हर्ज झालंय का ते वर जाऊन बघा. प्रोग्राम नीट संपला, एवढंच ती ओळ सांगते.