नवशिकीचा प्रश्न

आमचा पुतण्या संगणकासाठी आज्ञावल्या लिहितो. आज्ञावली हा शब्द माझा. तो आणि त्याचे मित्र 'कोड' म्हणतात. रविवारी ही मंडळी चहाला जमली, की मी वर्तमानपत्र घेऊन कोपऱ्यात बसतो. वाचतो कमी, ऐकतो जास्त.

परवा त्यांच्यात एक नवशिकी मुलगी आली होती. 'यादीतली पहिली वस्तू शून्य क्रमांकाची का?' तिने भीत भीत विचारले. कोणी हसले नाही. पुतण्या म्हणाला, 'तो क्रमांक नव्हेच, अंतर आहे. सुरुवातीपासून शून्य पावलांवरची वस्तू.' मला पटले. तळमजल्याच्या बिऱ्हाडाला आपण तरी पहिला मजला कुठे म्हणतो?

मग तिने संगणकाला ०.१ आणि ०.२ यांची बेरीज विचारली. उत्तर आले, ०.३०००००००००००००००४! आमच्या मास्तरांनी बाकावर उभे केले असते. पण एक तृतीयांश जसा आपल्याला दशांशात पुरता लिहिता येत नाही, तसा एक दशांश संगणकाला त्याच्या शून्य-एकच्या लिपीत लिहिता येत नाही. म्हणून पैशाचा हिशेब रुपयांच्या अपूर्णांकांत न ठेवता सरळ पैशांत ठेवावा, ही सवय तिला सांगण्यात आली.

एवढ्यात माझा विषय निघाला. आईच्या जात्यावरच्या ओव्या मी ध्वनिमुद्रित करून एका फुकट संकेतस्थळावर ठेवल्या होत्या. ते बंद पडले. सूचनेचे पत्र न वाचलेल्या टपालात राहिले. (मराठीचा प्राध्यापक, आणि पत्र वाचले नाही!) चाळीसपैकी अकरा ओव्या बहिणीच्या फोनमध्ये सापडल्या. त्या आता आमच्याच माळ्यावर, तळहाताएवढ्या 'रास्पबेरी पाय' संगणकावर आहेत. हे यंत्र २०१२ साली इंग्लंडात मुख्यतः मुलांना शिकण्यासाठी निघाले.

'घरचे यंत्र म्हणजे घरची उस्तवारी,' एक मित्र कुरकुरला. 'वीज गेली की बंद. आग लागली तर?'

'दुसरी प्रत आत्याकडे नागपूरला आहे,' पुतण्या ऐटीत म्हणाला.

'ती कधी उघडून ऐकलीत?' मुलीने विचारले.

कोणी बोलेना. चहा निवत होता. पुतण्याने निमूटपणे नागपूरला फोन लावला.

'थांब रे, चष्मा आणते,' पलीकडून बहीण म्हणाली. बराच वेळ नुसती खुडबूड. मग जात्याची घरघर ऐकू आली.