एक तोळा, चार मासे



गौलीगुड्यात वाढलेल्या मुलीला तोळा, मासा, गुंज वेगळे शिकवावे लागत नाहीत. दिवाळीच्या आधी आईबरोबर सोनाराकडे बसलं की ते आपोआप येतं. आमच्या घरात मात्र तोळ्याला आणखी एक उपयोग होता. आमच्या वडिलांकडे, म्हणजे अण्णांकडे, परवान्याची ३१५ बोअरची रायफल होती. तिच्या काडतुसाच्या टोकाची गोळी किती जड, असं मी विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "एक तोळा, चार मासे."

ती थट्टा नव्हती. गोळीचं वजन जगभर 'ग्रेन'मध्ये मोजतात. ग्रेन म्हणजे मुळात धान्याचा दाणा. इंग्रजांनी १८३३ साली ठरवलेला तोळा बरोबर १८० ग्रेनचा. ३१५ ची गोळी २४४ ग्रेनची, म्हणजे एक तोळा आणि वर चार मासे. थर्टी-ओ-सिक्स रायफलीत १८० ग्रेनची गोळी सर्रास वापरतात. ती नेमकी एक तोळ्याची.

अण्णांची शेती देगलूरकडे. १९६० च्या दशकात ज्वारी हुरड्यात आली की रानडुकरं रात्रीत शेत आडवं करायची. राखणीला गेलेल्या बहुतेकांकडे बाराबोरची बंदूक आणि छर्रे. (बाराबोर म्हणजे नळीच्या मापाच्या बारा शिशाच्या गोळ्या मिळून एक पौंड.) बारीक छर्रे तितराला ठीक. डुकराच्या जाड कातडीत ते रुततात, पण जीव जात नाही. एकदा कुणीतरी असंच जखमी करून सोडलेलं डुक्कर दुसऱ्या दिवशी आमच्या उसात दडून बसलं आणि पाणी द्यायला गेलेल्या गड्याची मांडी त्यानं फाडली. गडी वाचला, पण पुढे जन्मभर लंगडला. अण्णा म्हणायचे, "नेम चुकला तर जनावर पळून जातं. गोळी चुकीची असली तर ते जखम घेऊन जगतं, आणि ती जखम दुसऱ्याला भोगावी लागते."

याचं सर्वांत भयंकर उदाहरण जिम कॉर्बेटनं लिहून ठेवलंय. १९०७ साली त्यानं मारलेल्या चंपावतच्या वाघिणीच्या नावावर ४३६ माणसांचे बळी होते. तिच्या उजव्या बाजूचे वरचे-खालचे सुळे जुन्या गोळीनं मोडलेले होते. नेहमीची शिकार धरता येईना, म्हणून ती माणसांकडे वळली, असं त्याचं मत.

हे सगळं पुन्हा आठवायचं कारण माझा भाचा. तो टेक्ससमध्ये असतो, गावाबाहेर थोडी जमीन घेऊन शेळ्या पाळल्यात. करडं कायोटी नेतात. कायोटी म्हणजे आपल्या कोल्ह्याचाच भाऊबंद, जरा थोराड. साधारण ९ ते २० किलोचा. भाच्यानं विचारलं, "आत्या, दुकानात पन्नास प्रकारची काडतुसं आहेत. अण्णांनी कोणतं घेतलं असतं?" मी कॉलेजात एनसीसीमध्ये टू-टू रायफल चालवली आहे, बाकी ज्ञान अण्णांचं आणि वाचनाचं. त्याला जे सांगितलं, ते इथे देते.

पहिलं, जनावर बघून गोळी. टू-टूची ४० ग्रेनची गोळी कायोटीला हलकी पडते. जखमी करून सोडेल. तिथे चालते ती टू-टू-थ्री, ५५ ग्रेनची, म्हणजे सुमारे २९ गुंजा, साडेतीन ग्रॅम. पण वेग सेकंदाला जवळजवळ एक किलोमीटर. याहून वेगवान टू-टू-टू-फिफ्टी, याहून जड टू-फोर-थ्री. अण्णांची एक तोळा चार माशांची गोळी कायोटीला नको. ती आरपार जाऊन पलीकडे कुठे जाईल, सांगता येत नाही.

दुसरं, गोळीचं नाक. पूर्ण तांब्यानं मढवलेली गोळी सुईसारखी आरपार जाते आणि दगडावर आपटून उडते. मऊ किंवा प्लास्टिकच्या टोकाची पातळ गोळी आत शिरताच फुलते, फुटते, जनावर जागीच पडतं आणि गोळी सहसा तिथेच संपते. आजूबाजूला घरं, गुरं असली तर हे फार महत्त्वाचं. डुकराला मात्र उलट: जाड सालीची, जड, फुलली तरी न फुटणारी गोळी हवी. कायोटीची हलकी गोळी डुकराच्या खांद्यावरच फुटून जाईल. गंमत म्हणजे फुलणारी गोळी १८९० च्या दशकात आपल्याच कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात घडली. १८९९ मध्ये हेगच्या परिषदेत युद्धात तिच्यावर बंदी आली, कारण ती माणसाला फार वाईट जखम करते. शिकारीत तीच दयेची ठरते, कारण जनावर तडफडत राहत नाही.

तिसरं, नळीचा पीळ. नळीच्या आत पिळदार खाचा असतात, त्या गोळीला भोवऱ्यासारखी फिरवतात. बारा इंचांत एक फेरा देणारी नळी ५५ ग्रेनला ठीक. लांब, जड गोळीला सात-आठ इंचांत फेरा लागतो. पीळ न जुळल्यास गोळी हवेत डगमगते. तेव्हा दोन-तीन प्रकारची काडतुसं आणून कागदावर मारून बघायची आणि ज्याच्या गोळ्या जवळजवळ पडतात ते ठेवायचं. महाग असेल तेच चांगलं, असं नाही.

चौथं, अंतर. तीनशे यार्डांवर ताशी दहा मैलांचा आडवा वारा ५५ ग्रेनची गोळी जवळजवळ फूटभर ढकलतो. एवढं अंतर झेपत नसेल तर थांबायचं.

अमेरिकेत बरेच जण घरीच काडतूस भरतात: पितळी पुंगळी, टोपी, दारू, गोळी. दारू ग्रेनच्या दहाव्या हिश्शापर्यंत मोजतात. त्याला मी म्हटलं, आधी तयार काडतुसं वापर. भरायचंच ठरवलंस तर दारू बनवणाऱ्या कंपनीच्या तक्त्याबाहेर जाऊ नकोस. शिवाय शिसं खाऊन मेलेल्या पक्ष्यांमुळे कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी बंद आहे, तांब्याची लागते. राज्याराज्यांचे नियम वेगळे. आधी ते वाचायचे.

इथे मात्र चित्र वेगळं. आपला कोल्हा १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं संरक्षित आहे. पिकाची नासाडी करणाऱ्या रानडुकरासाठीसुद्धा वनविभागाची लेखी परवानगी लागते. घरी काडतूस भरायला वेगळा परवाना लागतो.

शेवटी आपल्या वाचकांसाठी एक कामाची गोष्ट. गौलीगुडा, जांबाग, काचीगुड्याच्या जुन्या घरांत आजोबांची बंदूक कपाटात पडून असते आणि परवानाधारक कधीच वारलेले असतात. अशी बंदूक आणि उरलेली काडतुसं विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागतात. वारसाला ठेवायची असल्यास त्यानं स्वतःच्या परवान्यासाठी अर्ज करायचा. काडतुसं भंगारात देऊ नका, उन्हात ठेवू नका, मुलांच्या हाती लागू देऊ नका. अण्णा गेल्यावर आम्ही तेराव्यानंतर पहिलं काम तेच केलं. रायफलीबरोबर उरलेली सतरा काडतुसंही मोजून दिली आणि पावती घेतली.