माळ्यावरची मोटार

पुष्कळ वर्षांपूर्वीं सोडून दिलेला छंद उतारवयांत पुन्हां हातीं धरतां येतो काय, या प्रश्नाचें उत्तर मला गेल्या पावसाळ्यांत आमच्या डोंबिवलीच्या घरीं माळ्यावरच्या एका पेटींत सांपडलें. पेटींत एका विलायती मोटारीची प्लॅस्टिकची प्रतिकृति होती. अर्धवट जोडलेली, आणि सुमारें तीस वर्षें दोरीनें बांधून ठेवलेली. ती अर्धवट कां राहिली हें शेवटीं सांगेन. आधीं या विद्येची थोडी ओळख करून देतों.

अशा प्रतिकृतीचे सुटे भाग सांच्यांतून काढलेले असतात, आणि फांदीला कळ्या असाव्या तसे एका चौकटीला चिकटून पेटींत येतात. ते कापावयाचे, घासावयाचे, जोडावयाचे व रंगवावयाचे, आणि शेवटीं अक्षरांच्या पातळ पट्ट्या पाण्यांत भिजवून त्यांवर चढवावयाच्या, इतकेंच हें काम. परंतु त्याचा सारा प्राण प्रमाणांत आहे. १:२४ म्हणजे मूळ वस्तूच्या एका फुटास प्रतिकृतींत अर्धा इंच. १:७२ या प्रमाणांत सहा फूट उंचीचा मनुष्य बरोबर एक इंचाचा होतो. हीं मापें फूट-इंचांच्या हिशेबांत सहज बसतात. पण रणगाड्यांसाठीं रूढ झालेलें १:३५ हें प्रमाण निराळ्याच कारणानें जन्मास आलें. जपानांतील तामिया कंपनीला आपल्या रणगाड्याच्या पोटांत विजेची मोटार आणि बॅटऱ्या बसवावयाच्या होत्या. त्या मावतील एवढा रणगाडा झाला, आणि पुढें इतरांनींहि तेंच माप उचललें.

आपल्या ओळखीच्या वाहनावर हा हिशेब करून पाहावा. कुर्ल्याच्या कारखान्यांत तयार होणारी प्रीमियर पद्मिनी सुमारें ३.९ मीटर लांब होती. १:२४ मध्यें ती सोळा सेंटिमीटरांहून किंचित् अधिक, म्हणजे चष्म्याच्या घराएवढी भरते. मुंबईच्या रस्त्यांवरून तिची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्यें कायमची गेली. परंतु तिच्या मागच्या बांकावर चौघांनीं दाटीवाटीनें बसून ज्यांनीं प्रवास केला, त्यांना मोजपट्टी आणि छायाचित्रें यांच्या साह्यानें ती साध्या पुठ्ठ्यांतूनहि पुन्हां उभी करतां येईल. ही कला किती मोठी मजल मारते हें ज्यांस पाहावयाचें असेल, त्यांनीं पुण्यास कोथरूड भागांतील जोशी यांचें लघुरेल्वे संग्रहालय अवश्य पाहावें. १९९८ सालीं उघडलेल्या त्या संग्रहालयांत एक संबंध नगर आपल्या आगगाड्यांसह टेबलावर नांदत आहे. नवशिक्यानें, किंवा माझ्यासारख्या परतून आलेल्यानें, मात्र एका लहानशा गाडीपासूनच आरंभ करावा.

जोडकामाविषयीं एक गैरसमज आहे. डिंक दोन कागदांच्या मध्यें राहून त्यांना धरून ठेवतो. प्लॅस्टिकचा सांधणारा द्रव तसें करीत नाहीं. तो दोन्ही कडा किंचित् विरघळवितो, त्या एकमेकींत मिसळतात, आणि द्रव उडून गेल्यावर दोहोंचें एक होऊन जातें. म्हणूनच सांध्यावर आधीं रंग लागला असेल तर तो खरवडून काढावा लागतो. आणि द्रव फार झाला तर भागाचा आकारच बिघडतो. काम करतांना खिडकी उघडी असावी, कारण त्याची वाफ श्वासावाटे जाणें हितकर नव्हे. आपल्याकडे आषाढ-श्रावणांत फवारून द्यावयाचे रंग शक्यतों टाळावे. दमट हवेंत कांहीं रंगांवर दुधासारखी पांढुरकी झांक येते, ती याच कारणानें.

आतां दीर्घ विश्रांतीनंतर काय आढळतें तें पाहूं. सांधण्याचा द्रव वाळून गेलेला असतो. अक्षरपट्ट्या पिंवळ्या पडलेल्या असतात. त्या पिशवींत घालून खिडकीच्या कांचेवर उन्हांत कांहीं दिवस चिकटवून ठेवल्यास पिंवळेपणा पुष्कळ उतरतो. कारागिराचे डोळेहि तेच राहिलेले नसतात, कारण डोळ्यांतील भिंग वयाप्रमाणें ताठर होतें व जवळचें दिसेनासें होतें. त्यावर भिंगाचा दिवा हा उपाय आहे. बोटें थरथरत असतील तर दोन्ही कोपर टेबलावर टेंकावे, आणि अर्ध्या तासाहून अधिक बसूं नये. घर लहान असेल तर सारें काम एका परातींत मांडावें. पाहुणे आले कीं परात उचलून कपाटावर ठेवतां येते, आणि खालीं पडलेला बारीक स्क्रूहि हरवत नाहीं.

सर्वांत चमत्कारिक गोष्ट मला चाकांत आढळली, आणि तीच पेटीची हकीकत. त्या वर्षीं मीं चारी चाकांवर मऊ टायर चढवून गाडी कपाटांत ठेवली होती. परीक्षांचे पेपर तपासून झाल्यावर, कित्येक महिन्यांनीं, गाडी बाहेर काढली, तों एक चाक वितळून विद्रूप झालेलें. घरांत आठ वर्षांचा मुलगा होता. त्यानेंच उदबत्ती टेंकविली असें मीं ठरविलें. तो नाहीं म्हणाला. मीं त्याला खोटें बोलल्याबद्दल वेगळी शिक्षा केली, आणि पेटी बांधून माळ्यावर टाकली.

या पावसाळ्यांत पेटी उघडली तों चारी चाकें तशींच वितळलेलीं होतीं. दोरीची गांठ माझीच होती. मागून कारण समजलें. टायर मऊ राहावा म्हणून त्यांत जें द्रव्य मिसळतात, तें हळूहळू बाहेर झिरपतें आणि चाकाचें कठीण प्लॅस्टिक खाऊन टाकतें. उपाय अगदीं सोपा आहे: टायर चढविण्यापूर्वीं चाकाच्या कडेवर ॲल्युमिनियमचा पातळ कागद गुंडाळावा, म्हणजे दोहोंचा स्पर्श होत नाहीं.

मुलगा आतां कल्याणास राहतो. त्याला मीं टेलिफोनवर सर्व सांगितलें. क्षणभर थांबून तो म्हणाला, "बाबा, मीं तेव्हांच सांगितलें होतें." मीं म्हटलें, "होय, सांगितलें होतेंस. चूक माझी होती." चाळीस मुलांच्या वर्गांत उभें राहून हें वाक्य मीं किती वेळां उच्चारलें असेन, याचा हिशेब त्या रात्रीं केला, तो फार थोडा भरला.

पुढल्या रविवारीं तो आला. चाकें आम्हीं नवीं केलीं. कागद गुंडाळण्याचें काम त्यानें केलें, कारण त्याची बोटें माझ्याहून स्थिर आहेत. गाडी अजून रंगवावयाची आहे. पावसाळा संपला कीं रंग द्यावयाचा, असें आमचें ठरलें आहे.