लिंक्ड लिस्टचे प्रश्न शेकडो, युक्त्या मात्र तीनच! कोड पाठ करण्याआधी हे वाचा

कॅम्पस प्लेसमेंटची तयारी करणारी अनेक मुलं ॲरेचे प्रश्न पटापट सोडवतात आणि लिंक्ड लिस्ट आली की अडखळतात. मग उत्तराचा व्हिडिओ बघायचा, कोड पाठ करायचा आणि पुढे जायचं. पण मुलाखतीत तोच प्रश्न जरा फिरवून विचारला की पाठांतर कामाला येत नाही. खरं तर लिंक्ड लिस्टचे नेहमी विचारले जाणारे बरेचसे प्रश्न तीन युक्त्यांवर उभे आहेत.

लिंक्ड लिस्ट म्हणजे नेमकं काय?

ॲरे म्हणजे नाट्यगृहातल्या नंबर घातलेल्या खुर्च्या. १७ नंबरची खुर्ची हवी असेल तर थेट तिथे जाता येतं. लिंक्ड लिस्ट म्हणजे खजिना शोधायचा चिठ्ठ्यांचा खेळ. प्रत्येक चिठ्ठीवर थोडी माहिती आणि पुढच्या चिठ्ठीचा पत्ता. चिठ्ठी म्हणजे नोड, पत्ता म्हणजे पॉइंटर आणि पहिली चिठ्ठी म्हणजे हेड. शेवटच्या चिठ्ठीवर पुढचा पत्ता नसतो, त्याला नल म्हणतात.

यात १७वी चिठ्ठी हवी असेल तर आधीच्या १६ वाचाव्याच लागतात. पण फायदाही आहे. मध्येच नवी चिठ्ठी घालायची तर बाकीच्या हलवाव्या लागत नाहीत, फक्त दोन पत्ते लिहिले की काम झालं.

ही कल्पना १९५५-५६ च्या सुमारास ॲलन न्यूवेल, क्लिफ शॉ आणि हर्बर्ट सायमन यांनी पुढे आणली. गणितातली प्रमेयं सिद्ध करणारा प्रोग्राम ते लिहीत होते. त्याला किती मेमरी लागेल हे आधी सांगता येत नव्हतं, म्हणून लागेल तशी वाढणारी यादी हवी होती.

युक्ती पहिली : आधी पत्ता जपा, मग दुवा तोडा

लिस्ट उलटी करा, हा सगळ्यात नेहमीचा प्रश्न. १ → २ → ३ चं ३ → २ → १ करायचं. इथे घाईघाईत १ चा पॉइंटर बदलला की २ चा पत्ता हरवतो आणि पुढची अख्खी लिस्ट हातातून जाते.

म्हणून तीन नावं ठेवायची : मागचा, आत्ताचा आणि पुढचा. सुरुवातीला मागचा नल असतो आणि आत्ताचा म्हणजे हेड. मग क्रम असा :

१. आत्ताच्याच्या पुढे असलेल्या नोडचा पत्ता 'पुढचा'मध्ये जपून ठेवा.
२. आत्ताच्याचा पॉइंटर मागच्याकडे वळवा.
३. मागचा आत्ताच्या जागी आणा.
४. आत्ताचा पुढच्या जागी न्या.

आत्ताचा नल झाला की थांबायचं. तेव्हा 'मागचा' हाच नवा हेड असतो. पहिल्या दोन पायऱ्यांची अदलाबदल केली की कोड फसतो.

युक्ती दुसरी : ससा आणि कासव

लिस्ट कुठेतरी स्वतःलाच येऊन जोडली गेली, तर नल कधीच येत नाही आणि प्रोग्राम गोल गोल फिरत राहतो. हे ओळखायचं कसं? दोन पॉइंटर सोडायचे. कासव एका वेळी एक नोड पुढे जातं, ससा दोन. सशाला नल सापडला तर चक्र नाही. दोघे एकाच नोडवर भेटले तर चक्र आहे.

ते भेटतातच कशावरून? दोघेही चक्रात शिरले की प्रत्येक पावलाला त्यांच्यातलं अंतर बरोबर एकने कमी होतं. ससा ३ नोड मागे असेल तर अंतर ३, २, १ आणि शेवटी ०. एकेकानेच कमी होत असल्यामुळे तो कासवाला ओलांडून जाऊच शकत नाही. ही युक्ती रॉबर्ट फ्लॉइड यांच्या नावाने ओळखली जाते. त्यांना १९७८ मध्ये ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

लिस्टचा मध्य शोधायलाही हीच जोडी चालते. ससा शेवटी पोहोचतो, तेव्हा कासव मध्यावर असतं.

युक्ती तिसरी : खोटा नोड

क्रमाने लावलेल्या दोन लिस्ट एकत्र करताना पहिला नोड कुठल्या लिस्टमधला, यासाठी वेगळी अट लिहावी लागते. त्याऐवजी सुरुवातीला एक खोटा नोड ठेवायचा आणि त्याच्यामागे एकेक नोड जोडत जायचं. शेवटी खोट्या नोडचा पुढचा नोड म्हणजे उत्तर. पहिला नोड काढून टाकायच्या प्रश्नातही याने डोकेदुखी वाचते.

मग सराव कसा करायचा?

- कीबोर्डला हात लावण्याआधी कागदावर चौकोन आणि बाण काढा. प्रत्येक ओळीनंतर कुठला बाण बदलला ते दाखवा.
- कोड चार लिस्टवर तपासा : रिकामी, एका नोडची, दोन नोडची आणि पाच नोडची. बऱ्याच चुका पहिल्या दोनमध्येच सापडतात.
- उत्तर बघावं लागलं असेल तर तोच प्रश्न दोन-तीन दिवसांनी काही न बघता पुन्हा सोडवा.
- नंतर प्रश्न स्वतःच फिरवा. पूर्ण लिस्ट उलटी करता आली तर फक्त दुसऱ्या ते चौथ्या नोडपर्यंतचा भाग उलटा करून बघा.

हा शेवटचा प्रश्न कागदावर बाण काढून जमला, तर पहिली युक्ती समजली असं मानायला हरकत नाही. जमला नाही तर नवे पन्नास प्रश्न सोडवण्यापेक्षा त्या तीन नावांकडे आणि चार पायऱ्यांकडे परत गेलेलं बरं.